प्रकाशाचे मोजमाप (भाग ९) : एका अणूचा हट्ट

एखाद्या संशोधकाची थोरवी जोखताना त्याने किती विषय हाताळले, हे आपण नकळत पाहतो. थिओडोर हेन्श यांना ही पट्टी लावली तर हाती फारसे काही लागत नाही. १९४१ साली हायडेलबर्गमध्ये जन्मलेल्या या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये, आर्थर शॉलो यांच्या सहवासात, लेसरने हायड्रोजनचा वर्णपट तपासायला घेतला आणि पुढे म्यूनिक, गार्खिंगला गेल्यावरही तो सोडला नाही. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. एवढ्याशा अणूत आयुष्यभर मोजण्यासारखे काय असणार? माझे म्हणणे असे की हेन्श यांचा पल्ला या हट्टामुळेच एवढा वाढला. हायड्रोजन साधा, म्हणूनच त्याच्या वर्णरेषा कुठे पडाव्यात हे सिद्धान्त अतिशय बारकाईने सांगू शकतो. त्या आकड्याशी प्रयोगाचा आकडा ताडून पाहायचा तर प्रत्येक वेळी हातातले साधन अपुरे पडते आणि नवे घडवावे लागते.

पहिली अडचण खुद्द लेसरचीच होती. रंगद्रव्याचा लेसर हव्या त्या रंगावर लावता येई, पण वर्णरेषांच्या मानाने त्याचा प्रकाश भोंगळ असे. रंग निवडण्यासाठी त्यात बारीक समांतर रेघा कोरलेली पट्टी, म्हणजे ग्रेटिंग, बसवत. किरण अरुंद असला की तो मोजक्याच रेघांवर पडतो आणि निवड ढोबळ होते. हेन्श यांनी वाटेत एक छोटी दुर्बीण ठेवून किरण रुंदावला; तो कितीतरी अधिक रेघांवर पसरला आणि रंग नेमका झाला. उपाय ऐकायला किरकोळ वाटतो, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. दुसरी अडचण अणूंच्या धावपळीची. काही अणू प्रकाशाकडे येतात, काही दूर जातात, आणि डॉप्लर परिणामामुळे रेषा फुगते. एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोरून सोडले, तर दोन्हींना एकदम प्रतिसाद देतात ते फक्त त्या दिशेने स्थिर असलेले अणू. या युक्तीने १९७२ मध्ये हायड्रोजनच्या तांबड्या रेषेतले लॅम्ब विचलन, म्हणजे दोन ऊर्जापातळ्यांमधला अतिसूक्ष्म फरक, प्रकाशात प्रथमच सुटे दिसले. १९७५ मध्ये अणूला समोरासमोरून दोन फोटॉन एकदम देऊन सगळ्यांचाच वेग निष्प्रभ करण्याची पद्धत हायड्रोजनवर वापरली गेली; हेन्श यांच्या गटातला विद्यार्थी कार्ल वीमन पुढे स्वतः नोबेलचा मानकरी ठरला. लेसरने अणू थंड करण्याची कल्पना हेन्श आणि शॉलो यांनी त्याच वर्षी मांडली. गंमत अशी की हायड्रोजनला लेसरने थंड करणे आजही जिकिरीचे आहे, आणि ती कल्पना फळाला आली ती इतर अणूंमध्ये.

तरी आकडा मोजायचा कसा, हा प्रश्न उरलाच. सेकंदाची व्याख्या सीझियमच्या ९१९ कोटी आवर्तनांवर बेतलेली. हायड्रोजनचे १एस–२एस संक्रमण (अणूची सर्वांत खालच्या पातळीवरून पुढच्या पातळीवरची उडी) त्याच्या अडीच लाखांहून अधिक पट वेगवान. मधली दरी ओलांडायला खोलीभर उपकरणांची साखळी लागे. लेसरच्या अतिलघू स्पंदांच्या मालिकेतून सम अंतरावरच्या वारंवारतांचा कंगवा मिळतो, आणि त्याने प्रकाश मोजता येतो, हे हेन्श यांच्या गटाने १९७८ मध्ये सोडियमवर करून पाहिले होते. पण कंगवा पुरेसा रुंद नव्हता. फेम्टोसेकंद लेसर आणि खास काचतंतू हाती आल्यावर, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, तो कामाला लागला. या संक्रमणाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा २,४६,६०,६१,४१,३१,८७,०३५ हर्ट्‌झ होता आणि त्यात अनिश्चितता अवघी १० हर्ट्‌झची. आज हाच कंगवा प्रकाशाच्या घड्याळांत आहे आणि परग्रह शोधणाऱ्या वर्णपटमापकांचे अंशांकन करायलाही वापरला जातो.

यावर कोणी म्हणेल, कंगवा हेन्श यांच्याविनाही आला असता. हेन्श यांच्या २००५ च्या नोबेलमध्ये बोल्डरचे जॉन हॉल सहभागी होतेच. आला असता, हे मान्य. पण हॉलही लेसर स्थिर करण्याच्या आणि प्रकाशाचा वेग अधिक काटेकोर मोजण्याच्या ध्यासातूनच तिथे पोहोचले. म्हणजे या उदाहरणाने व्यक्तीचे श्रेय वाटले जाते, मोजमापाचे कमी होत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : आपण यशस्वी माणूस निवडून मागून कहाणी जुळवतो आहोत, दशांश स्थळांच्या मागे लागलेल्या किती प्रयोगशाळांतून एकही नवे साधन निघाले नसेल! असेलही. मात्र साधन निघाले नाही म्हणून मोजमाप वाया गेले, असे होत नाही. प्रोटॉनच्या त्रिज्येचे पाहा. २०१० मध्ये रँडॉल्फ पोल आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनऐवजी त्याचा जड भाऊबंद म्यूऑन असलेल्या हायड्रोजनवरून ती मोजली, तेव्हा ती प्रचलित आकड्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरली. नव्या भौतिकशास्त्राची चाहूल लागली म्हणून गाजावाजा झाला. २०१७ मध्ये हेन्श यांच्याच गार्खिंगच्या प्रयोगशाळेने साध्या हायड्रोजनवर मोजले, तर तिथेही छोटाच आकडा आला. चाहूल बहुधा खोटी होती. पाठ्यपुस्तकांतली त्रिज्या मात्र बदलावी लागली. गार्खिंगच्या मापनाच्या पुढच्याच वर्षी पॅरिसच्या गटाने हायड्रोजनवरूनच पुन्हा मोठा आकडा काढला. दोन उत्तम प्रयोगशाळा, एकच अणू आणि तरी दोन उत्तरे. हे कसे, ते पुढच्या भागात.