पाठीवरचा उंचवटा

"ए चांदेवाल्या, आत शीर." ओझरच्या मिग लढाऊ विमानांच्या कारखान्यात मला याच नावाने हाक मारायचे. मी भद्रावतीचा, चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, आयटीआयमधून निघालेला फिटर. अंगाने काटकुळा, म्हणून विमानाच्या सांगाड्याच्या आत डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बसायचं काम माझं. बाहेरून मिस्त्री रिव्हेट गन चालवायचे, आतून मी रिव्हेटच्या शेपटीला डॉली दाबून धरायचो. पत्र्यावर एकदा टक् केलं की पुन्हा मारा. दोनदा केलं की ठीक. मग बाहेर येऊन नख फिरवायचं. नख अडलं तर रिव्हेट ड्रिलने काढायचा, नवा मारायचा.

हे १९८० च्या सुमारासचं. मिग-२१ चं टाइप ९६ संपत आलं होतं, टाइप ७५, म्हणजे बिस, सुरू होत होतं. मिस्त्रींनी त्याआधीचं टाइप ७७, एफएल, बांधलेलं. त्यात तोफच नव्हती. १९६३ साली चंदीगडला आलेल्या पहिल्या मिगला ती होती. पुढे नाकातलं रडार मोठं झालं, क्षेपणास्त्रांवर भिस्त वाढली आणि तोफ गेली. लढणाऱ्याला ती हवीच होती. मग पोटाखाली तोफेची पेटी टांगली. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनींनी अशाच तोफेने पाकिस्तानी स्टारफायटर पाडलं. पण पेटी लावली की त्या जागी इंधनाची जादा टाकी लावता येत नसे.

९६ मध्ये तोफ थेट पोटात बसली, पंखांखाली शस्त्रं टांगायच्या दोनाच्या चार खुंट्या झाल्या. पाठही उंच झाली, तिच्यात इंधन. बिसची पाठ त्याहून भरदार, इंजिन कोरापुटहून येणारं, जास्त ताकदीचं. ७७ची सडपातळ पाठ मला आजही सगळ्यांत देखणी वाटते.

पुढे सव्वाशे बिस सुधारून त्यांचं बायसन झालं. बाहेरून फरक थोडाच, समोरची काच अखंड झाली. आत मात्र रडार नवं, वायरींचे जुडगेच्या जुडगे नवे.

अपघाताची बातमी आली की आम्ही आधी वैमानिकाचं विचारायचो, मग शेपटीवरचा नंबर. नंबर ओळखीचा निघाला की त्या दिवशी डबा उघडत नसे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडहून आपल्या मिग-२१ चं शेवटचं उड्डाण टीव्हीवर दाखवलं. नातीने विचारलं, "आबा, याच्या पाठीवर हे काय?" मी तिला जवळ बसवलं आणि ७७ पासून सांगायला लागलो.