उपज आणि ठेका

कचेरीत किंवा कारखान्यात माणसाला नवे काही सुचावयाचे असेल तर त्याच्यावरील सर्व बंधने दूर करावीत, असा उपदेश हल्ली वारंवार कानी पडतो. उपदेशकांचा हेतू चांगलाच असेल. परंतु त्यांनी एखाद्या ख्यालगायकाची मैफल मन लावून ऐकलेली दिसत नाही. आयत्या वेळी सुचण्याची कला आपल्या गवयांनी जितकी जोपासली तितकी क्वचितच कोणी जोपासली असेल, आणि त्यांच्याइतकी बंधनेही क्वचितच कोणी पाळली असतील. या सुचण्यासच संगीतात ‘उपज’ म्हणतात.

भूप रागाचेच पाहा. मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरले पाच स्वर. नेमक्या याच पाच स्वरांचा देशकार होतो. पण भूपात गंधार प्रबळ, देशकारात धैवत. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गावयाचा, दुसरा सकाळी. सामग्री तीच, भर तेवढा हलला, आणि राग निराळा झाला! शिवाय तालाचे बंधन आहेच. त्रितालाच्या सोळा मात्रांत गवई वाटेल तेथे हिंडो, समेवर त्याला यावेच लागते. वाट त्याची, मुक्काम मात्र ठरलेला.

खाँसाहेब अल्लादियाखाँ यांची हकीकत प्रसिद्ध आहे. ऐन उमेदीत त्यांचा आवाज बिघडला; पूर्वीसारखे गाणे शक्य होईना. तेव्हा उरलेल्या आवाजाला जे साधेल त्यावरच त्यांनी लयीच्या अंगाने जाणारी, पेचदार अशी नवी गायकी उभारली. कोल्हापूर दरबारात ती नावारूपास आली आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून साऱ्या देशाने ती ऐकली. आवाज शाबूत राहता तर ही गायकी कदाचित जन्मासच आली नसती.

गाण्याबाहेर अशा उपजेचे मोठे उदाहरण शोधावयास मुंबईकरांस फार लांब जावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घर गेले, शेतीवाडी गेली, भांडवल गेले. जवळ उरले होते काय? घरातील बायकांचा हात, व्यापाराची उपजत जाण आणि दाराशी धावणारी आगगाडी. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी व मुलांनी ते गाडीत, रस्त्यावर विकले. नफा थोडा घ्यावा, खप वाढवावा, हा त्यांचा ठेका. पुढे त्याच वस्तीत कापडाचे, लाकडी सामानाचे, जीन्सच्या विजारींचे बाजार उभे राहिले. पाच स्वरांत राग उभा करणे ते हेच.

पण याच गावाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. परदेशी मालाची नक्कल करण्यातही तेथील काही कारागिरांची बुद्धी एवढी चालली की ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद रूढ झाला. विनोद सोडून देऊ. परंतु वालधुनी नदीचे काय? अंबरनाथच्या ज्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे, त्याच्या शेजारून ही नदी उल्हासनगराकडे येते. तिच्यात जीन्स धुण्याचे रंगीत पाणी बिनदिक्कत सोडले गेले. १९९५ च्या सुमारास घाईने उठलेल्या तेथील इमारतींपैकी दोन इमारतींचे स्लॅब मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत कोसळले आणि माणसे दगावली. युक्ती होती, चलाखी होती. सम तेवढी चुकली. समेवर न येणाऱ्या तानेस टाळी मिळू शकते, पण तिला उपज म्हणू नये.

आता प्रश्न उरतो तो वरिष्ठांचा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा यंत्रज्ञ असो वा बदलापुराहून भल्या पहाटे गाडी गाठून मुंबईच्या कचेरीत पोहोचणारी कारकून असो, त्यांना काही सुचतच नाही असे नाही. घरी चार माणसांच्या पाण्याच्या वेळा, आजोबांची औषधे आणि मुलांचा डबा ज्या बाईने एका तासात बसविला, तिची बुद्धी कचेरीच्या दाराशी गळून पडते काय? तेथे बहुधा ठेका धरणारा भेटत नाही. विलंबित एकतालाच्या एका आवर्तनास कधी कधी मिनिटभर लागते. तेवढा वेळ तबलजी शांतपणे बारा मात्रा मोजतो, आणि त्या संथपणाच्या आधारावर गायक विचार करू शकतो. आलाप रंगात आला असता तबलजीने मध्येच आपली करामत दाखविली तर श्रोते त्यास माफ करणार नाहीत. दर तासाला ‘कुठवर आले?’ विचारणारा, आणि सकाळचे उद्दिष्ट दुपारी बदलणारा अधिकारी याहून निराळे काय करतो? त्याने सम कोठे आहे ते एकदा स्पष्ट सांगावे आणि लय हलू देऊ नये.

गवयाच्या मागे तंबोरा घेऊन शिष्य बसतो. बराच वेळ तो केवळ सूर धरून असतो. मग गुरू गाता गाता क्षणभर थांबतात, मान किंचित वळवितात, आणि ती जागा शिष्याने भरावयाची असते. त्याने घेतलेली तान बेताची निघाली तरी गुरू तिचाच धागा उचलून पुढे जातात. सभेत त्यास खाली पाहावयास लावीत नाहीत. ही जागा आपल्या कचेरीतील किती साहेब सोडतात, हे बदलापूरच्या संध्याकाळच्या गाडीत कोणासही विचारावे.