हात बरा झाला, मग आग कसली होते?

मंडळी, पक्षाघातानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काही रुग्ण आमच्याकडे एक वेगळीच तक्रार घेऊन येतात. हातात ताकद परत आलेली असते, पण नुसता पदर घासला, पंख्याचा वारा लागला, तरी हाताची आग आग होते. हाताचा एक्स-रे काढा, नसा तपासा, सगळं नॉर्मल! मग घरचे म्हणतात, "आई, तुझ्या मनाचे खेळ आहेत." आज आपण बघू, की तसं का नाही.

मेंदूत खोलवर, डावीकडे आणि उजवीकडे, थॅलॅमस नावाचा एकेक लंबगोल भाग असतो. स्पर्श, दृष्टी, श्रवण, चव यांचे संदेश मेंदूच्या बाह्यपटलाकडे जाताना इथून जातात. वासाची वाट तेवढी वेगळी.

पूर्वी थॅलॅमसला टपाल कचेरी समजत. आलेलं पत्र पुढे धाडायचं, बस्स. पण त्यातलं दृष्टीचं केंद्र पाहिलं, तर तिथल्या जोडण्यांपैकी जेमतेम ५ ते १० टक्के डोळ्याकडून आलेल्या असतात. बाकीच्या बाह्यपटलाकडून, मेंदूस्तंभाकडून आणि अटकाव करणाऱ्या पेशींकडून येतात. म्हणजे काय पुढे सोडायचं, किती जोरात सोडायचं, हे तिथे ठरत असतं. झोपेत याच पेशींची लय बदलते आणि बाहेरचं जग आपल्यापुरतं मंदावतं.

आता या केंद्रातच रक्ताची गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला तर? १९०६ साली फ्रान्समध्ये देजेरिन आणि रुसी यांनी असे रुग्ण नोंदवले. एका बाजूचा स्पर्श बोथट झालेला, आणि त्याच बाजूला असह्य वेदना! ऐकायला उलटं वाटतं ना? एक स्पष्टीकरण असं: गार-गरम जाणिवेचा मार्ग एरवी वेदनेला लगाम घालतो. तो मार्ग तुटला, की लगाम सुटतो. हाताला काहीच झालेलं नसतं, बिघाड वर असतो. म्हणून हाताचे रिपोर्ट चांगले येतात.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. नसांच्या वेदनेवरची अमिट्रिप्टिलिन, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. गुण अनेकदा अर्धाच येतो, हेही आम्ही मोकळेपणी सांगतो.

पण एक गोष्ट आजपासून करता येईल. घरातलं माणूस "आग होते" म्हणालं, तर आधी त्यावर विश्वास ठेवा. ती आग खरी आहे.