माती धुतली की विष जातं का?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "घर आवरताना माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा बीएचसी पावडरीचा डबा सापडला. बांधाला खड्डा करून पुरून टाकू का?" दुसरी म्हणाली, "पुरा की! आता विषारी मातीसुद्धा धुता येते म्हणे." तेव्हा मी गप्प बसले. नंतर वाचून काढलं, ते आज सांगते.

माती धुतात, हे खरं आहे. खराब झालेली माती खणून काढतात, दगडगोटे चाळतात आणि मोठ्या यंत्रात पाणी घालून घुसळतात. बीएचसी, डीडीटी ही औषधं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तेलकट भांडं नुसत्या पाण्यानं निघतं का? म्हणून पाण्यात साबणासारखं द्रव्य घालतात. विष जास्त करून बारीक, चिकट कणांना धरून बसतं. जाड वाळू खाली बसते, ती बरीच स्वच्छ होते. गाळ वेगळा निघतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९९३ साली कारखान्यांच्या कचऱ्यातल्या धातूंनी बिघडलेली सुमारे १९ हजार टन माती अशीच धुतली होती.

पण धुण्यानं विष मरत नाही, फक्त जागा बदलतं. ते गाळात आणि पाण्यात उतरतं. मग तो गाळ पक्क्या बंदिस्त खड्ड्यात ठेवा, नाहीतर खास भट्टीत जाळा. पाणीही शुद्ध करा. खर्च मोठा. त्यात आपली काळी माती बहुतेक बारीक कणांचीच. धुतली तर वाळू मूठभर आणि गाळ गाडीभर! शिवाय जमिनीचा कस त्याच बारीक कणांत असतो.

बीएचसीवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे. तरी ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. तिथून चाऱ्यात, चाऱ्यातून दुधात आणि दुधातून लेकरांच्या पोटात जातं.

म्हणून जुनं औषध सापडलं, तर पुरू नका, जाळू नका, विहिरीत-ओढ्यात टाकू नका. डबा उघडू नका. गंजला असेल तर हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, तो तसाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. धान्य, जनावरं, मुलं यांच्यापासून लांब, कुलपात ठेवा आणि कृषी विभागाला कळवा. एकटीनं नको, गटाच्या नावानं लेखी अर्ज द्या.

आमच्या ताईंचा डबा आज कुलपात आहे, अर्जही दिलाय. उत्तर यायचं आहे, आम्ही विचारत राहू. पण बांधाची माती वाचली. तुमचाही माळा एकदा बघून घ्या, मैत्रिणींनो.