धावत्या वाहनातील उपचार

रुग्णवाहिका म्हणजे रोग्यास रुग्णालयापर्यंत पोहोचविणारे वाहन, अशी सर्वसाधारण समजूत असते. उपचारास प्रारंभ व्हावयाचा तो रुग्णालयाच्या दारात, असेच पुष्कळ काळ मानले जात होते. ही समजूत किती घातक ठरते, हे हृदयविकाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

बेलफास्ट येथील डॉ. फ्रँक पँट्रिज यांच्या असे ध्यानात आले, की हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांपैकी पुष्कळसे रोगी पहिल्या काही तासांतच, रुग्णालय गाठण्यापूर्वी, मरण पावतात. ह्याचे एक प्रमुख कारण असे: झटक्यानंतर कधी कधी हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील स्नायुतंतू एकसमयावच्छेदेकरून आकुंचन न पावता स्वैरपणे थरथरू लागतात. हृदय हलते, परंतु रक्त पुढे ढकलले जात नाही. मेंदूस प्राणवायू मिळेनासा होतो आणि ४ ते ६ मिनिटांतच त्यास कायमची इजा पोहोचू लागते. अशा वेळी छातीवर योग्य प्रमाणात विजेचा धक्का दिला असता सर्व तंतूंची खळबळ एकदम थांबते व हृदयाचा नैसर्गिक ताल पुन्हा सुरू होण्यास अवसर मिळतो.

परंतु उपकरण रुग्णालयात आणि रोगी घरी, अशा स्थितीत त्याचा उपयोग काय? म्हणून पँट्रिज व त्यांचे सहकारी जॉन गेडेस यांनी १९६६ साली मोटारीच्या विद्युत्घटांवर चालणारे, सुमारे ७० किलोग्रॅम वजनाचे उपकरण रुग्णवाहिकेत ठेविले आणि डॉक्टरच रोग्याकडे जाऊ लागले. हा अनुभव १९६७ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबाद येथे सुरू झाली व पुढे अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. तिच्या प्रगत वाहनांत विजेच्या धक्क्याचे उपकरण, प्राणवायू व कृत्रिम श्वसनाची साधने असतात. वाटेत रोग्याचा श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव दाबून धरणे, नाडी व रक्तदाब पाहत राहणे आणि रुग्णालयास आगाऊ सूचना देणे, ही कामे चालू असतात.

तथापि वाहन येईपर्यंतची मिनिटे जवळच्या माणसांच्याच हाती असतात. रोगी निश्चेष्ट पडला व त्याचा श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी, मिनिटास १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. विजेच्या धक्क्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची आशा घटत जाते. ह्या दाबाने मेंदूस थोडाबहुत रक्तपुरवठा होत राहतो, आणि उपकरण येऊन पोहोचेपर्यंत अवधी मिळतो.