सात वाटे, तीन वाटे

दक्षिण चीनमधल्या पिंगलू कालव्याचे ड्रोनने टिपलेले व्हिडिओ एव्हाना सगळ्यांनी पाहिलेत. 2022 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं काम, 2026 अखेरची मुदत, 134 किलोमीटर लांबी, 5000 टनांची जहाजं, 7,270 कोटी युआन खर्च. आकड्यांना तोटा नाही. नकाशा मात्र फारसा कुणी उघडत नाही, आणि गंमत सगळी तिथेच आहे.

ग्वांगशी प्रांताला स्वतःचा समुद्र आहे. पण तिथल्या बहुतेक मोठ्या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला, शेजारच्या ग्वांगडाँगमध्ये जातात. नाननिंगवरून वाहणारी यू नदी समुद्रापासून शंभरेक किलोमीटरवर येते आणि मधल्या ठेंगण्या डोंगरांपायी ग्वांगझौची वाट धरते. पिंगलू हेच डोंगर कापून, तीन ठिकाणी लॉक, म्हणजे जहाजं वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे, बांधून जहाजांचा 560 किलोमीटरचा वळसा वाचवणार आहे.

यू पुढे ज्या मुख्य नदीला मिळते, तिचं तर एक नाव धड टिकत नाही. युन्नानमध्ये ती नानपान, पुढे होंगश्वेई म्हणजे तांबडं पाणी, ल्यू मिळाली की चियान, यू मिळाली की शुन आणि वूझौला ग्वेई मिळाल्यावर कुठे शीजियांग. या सगळ्या नद्यांना मिळून दिलं जाणारं 'पर्ल रिव्हर' हे नाव मुळात ग्वांगझौजवळच्या पात्रापुरतं.

माझा जीव मात्र अडकलाय तो ग्वेईच्या वरच्या अंगाला, ली नदीच्या उगमाजवळ. वीस युआनच्या नोटेवर दिसते तीच ली. इ.स.पू. 214 च्या सुमारास छिन सम्राटाने दक्षिणेत लढणाऱ्या फौजेला धान्य पोचवायला इथे लिंगछू कालवा खोदवला. उत्तरेकडे यांगत्सेच्या खोऱ्यात जाणाऱ्या शियांग नदीच्या पात्रात दगडी टोक रोवलं. चिनीत त्याला नांगराचा फाळच म्हणतात. फाळ पाणी दोन बाजूंना सारतो. मागच्या तिरक्या बांधाचं नाव तराजू. सात वाटे शियांगला, तीन लीला, असा परंपरेचा हिशेब. पूर आला की जादा पाणी तराजूवरून शियांगच्या जुन्या पात्रात. बोट चढवायची तर ती दोन दगडी खांबांमधून आत घ्यायची, मागे लाकडं आडवी टाकून बांबूच्या चटया लावायच्या, पाणी तुंबून वर आलं की पुढच्या दाराशी. रेल्वे आल्यावर बोटी थांबल्या, पण शेतांना पाणी अजून जातं.

पिंगलूत वाट्यांची भाषा ऐकू येत नाही. तिथल्या लॉकमधून सुटलेलं पाणी थेट समुद्राला मिळणार. बाजूला टाक्या बांधून बरंचसं पुन्हा वापरायची सोय आहे, मान्य. पण कोरड्या हिवाळ्यात पर्ल रिव्हरच्या मुखाशी समुद्राचं खारं पाणी नदीत शिरतं आणि मकाऊ-झुहाईच्या नळांची पंचाईत होते. 2005 च्या सुरुवातीला तर हजारावर किलोमीटर वरच्या धरणांतून पाणी सोडून ते खाली पोचवावं लागलं होतं. पिंगलू ज्या यू नदीचं पाणी घेणार, तिचं पाणीही शेवटी त्याच मुखाकडे जातं. जहाजांना किती आणि नळांना किती, हे हिवाळ्याआधी ठरलेलं बरं.