बिबट्याच्या मुलखात कुत्र्या-मांजरांची निगा

माणिकडोह, येडगाव व डिंभे या धरणांच्या पाण्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत उसाची लागवड वाढली आणि दाट उसात बिबट्यास आसरा मिळाला. कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य असल्याने येथे पाळीव जनावरांची निगा घराच्या सुरक्षिततेशी निगडित झाली आहे.

कुत्रे रात्री अंगणात साखळीने बांधू नये. पक्क्या दाराच्या बंदिस्त जागेत ठेवावे. मेलेल्या कोंबड्या व मांसाचे अवशेष उघड्यावर टाकल्यास भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. ग्रामपंचायतींनी असे अवशेष खोल पुरण्याची व्यवस्था करावी.

दुसरा धोका रेबीजचा. पिल्लू ३ महिन्यांचे होताच, मग ते कुत्र्याचे असो वा मांजराचे, त्यास प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. पुढील मात्रा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात.

जनावर चावल्यास वा त्याने ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. रागावतील या भीतीने मुले असा ओरखडा लपवितात. तो त्वरित सांगण्याची सवय शिक्षकांनी त्यांना लावणे अगत्याचे आहे.